सूपभर कोंड्याला विकलेलं पोर

माझं नाव कोंडिबा. हे नाव कुणी हौसेनं ठेवत नाही. धान्य कांडून, पाखडून जे उरतं आणि जे कोंबड्यांपुढं टाकतात, तो कोंडा. त्या कोंड्याच्या बदल्यात मी विकला गेलो, म्हणून कोंडिबा. आता सत्तरी उलटली. जन्मभर मी नेकनूरच्या बाजारात बैलांची दलाली केली. लंगड्याला चालता केला, म्हाताऱ्याला तरणा म्हणून खपवला, मारक्याला गरीब गाय ठरवलं. पण माझ्याइतका पडेल भाव मी एकाही जनावराला येऊ दिला नाही.

दुसरी गोष्ट माझं नाक. उजव्या नाकपुडीच्या कडेला एक वाकडी घडी आहे, खाली एक खाच आहे, आणि त्यामुळं मी गप्प बसलो तरी कुणाला तरी नाक मुरडतोय असं वाटतं. एवढ्यावरून माझी दोन सोयरिकींत भांडणं झालेली आहेत. गिऱ्हाईक बैलाच्या आधी माझ्या नाकाकडं बघतं. बैलाची खोड मला झाकता येते, माझी येत नाही. मिशा वाढवून पाहिल्या, तर लोकांची नजर मिशांवरून चढत बरोबर तिथंच जाऊ लागली. कुणी विचारलंच की मामा, नाकाला काय झालं, तर मी सांगतो, बैलानं फाडलं. हे अगदीच खोटं नाही. फक्त तो बैल मीच होतो, एवढं सांगायचं राहून जातं.

तर ते आता सांगतो. निजामाच्या राज्यातली गोष्ट आहे.

माझ्या आईचं नाव भिवराबाई. माझ्या आधी तिच्या घरात चार पाळणे हलले आणि चारही थांबले. कुणी पाचवीच्या आधीच गेलं, कुणी बारसं पाहून गेलं, एक थोरला तर रांगायला लागला होता. म्हणून मी झालो तेव्हा घरात आनंद करायचीसुद्धा चोरी होती. गावातल्या जाणत्या बायांनी सांगितलं, भिवरे, हे पोर तुझं म्हणू नको. पाचवीला सटवाई कपाळावर लिहायला येते, ती यायच्या आत ह्याला विकून टाक. मग मला सुपात घातलं आणि उकिरड्याजवळ नेऊन ठेवलं. शेजारच्या साखराबाईची सगळी पोरं जगलेली होती, तिचा हात गुणाचा. तिनं सूपभर कोंडा आईच्या पदरात टाकला आणि मला विकत घेतलं. पुढच्या दारानं मला आपल्या घरात नेलं आणि मागच्या दारानं आईकडं सांभाळायला परत दिलं.

एवढ्यानं भागलं नाही. माझी उजवी नाकपुडी टोचून तिच्यात चांदीची नथनी घातली, म्हणजे मी पोरगी दिसावा. अंगावर दुसऱ्यांच्या घरची उतरलेली कापडं, म्हणजे मी भिकारडा दिसावा. यम शोधत आलाच तर त्याला दिसणार काय, तर एक मुलगी, तीही परक्याची, तीही फुकट मिळाली तरी नेऊ नये अशी. गावात शेंबड्या पोरालासुद्धा ठाऊक होतं की मी भिवराबाईचा मुलगा. ठाऊक नव्हतं ते एकट्या यमाला, आणि तो आपल्या गावचा नसल्यामुळं त्याला कुणी सांगणार नाही, अशी सगळ्यांची खात्री होती.

त्यामुळं मी साखराबाईला आई म्हणायचो आणि माझ्या आईला काकी. कुणी आईला म्हटलं, भिवरे, पोर गुटगुटीत झालंय हां, की ती तोंड वाकडं करून म्हणायची, साखरीचं हाय, खाऊन खाऊन माजलंय मेलं. आणि मग भाकरीच्या खालच्या बाजूला तूप लावून द्यायची, म्हणजे वरून बघणाराला कोरडी दिसावी. मला ह्याचं फार वाईट वाटत होतं असं म्हणालो तर ते ढोंग होईल. दोन घरांचं पोर दोन्ही घरी जेवतं. साखराबाईकडं पिठलं असलं तर मी तिचा, आमच्याकडं गूळ असला तर मी काकीचा.

एकच गोष्ट मला टोचायची. साखराबाईचा उत्तरेश्वर माझ्याच वयाचा. आम्ही दोघं पडलो, रडलो, की साखराबाई धावत येऊन त्याला उचलायची. माझी आई पण धावत यायची, पण उचलायच्या आधी थांबायची आणि इकडंतिकडं बघायची. एकदा डावीकडं, एकदा उजवीकडं, एकदा वर. मग उचलायची. ते बघणं संपेपर्यंत मी जमिनीवर पडून असायचो. तेवढा वेळ मला आपण खरंच कोंड्याचे आहोत असं वाटायचं.

आता पोळा. पोळ्याला मोठी माणसं खरे बैल सजवायची आणि आम्ही पोरं आमच्यातलेच बैल करायचो. बैल व्हायला कुणी हौसेनं तयार नसायचं, पण मी असायचो, कारण सगळ्या पोरांत नाकाला भोक असलेला मी एकटा. इतर बैलांच्या गळ्यात दोरी, माझ्या नाकात खरीखुरी वेसण. उत्तरेश्वर माझ्या नथनीतून सुतळी ओवायचा आणि मी मानाचा बैल व्हायचो. ह्या मानाचा मला इतका माज होता की त्या दिवशी मी अंगाला गेरू फासून घेतला आणि खऱ्या बैलासारखा खाली मान घालून फुरफुरत उभा राहिलो. तोरण तुटलं की मानाच्या बैलानं आधी धावायचं. तोरण तुटलं. मी धावलो. उत्तरेश्वरनं सुतळी हाताला गुंडाळून घेतली होती आणि तो तोरणाकडं बघत जागेवरच उभा राहिला.

नथनी सुतळीबरोबर मागं राहिली आणि मी पुढं गेलो. नाकपुडीची कड फाटून दोन भाग झाले. मी तसाच दोन-तीन उड्या मारल्या म्हणतात, कारण बैलानं थांबायचं नसतं. रक्त बघितलं तेव्हा मात्र मी मारुतीच्या पारापासून घरापर्यंत ऐकू जाईल असा हंबरडा फोडला. आई पळत आली, माझ्यापाशी थांबली, डावीकडं बघितलं, उजवीकडं बघितलं, आणि ओरडली, "साखरे, तुजं पोर पडलं गं!"

हळद दाबून रक्त थांबलं. जखम भरली, पण दोन्ही कडा वेगवेगळ्या भरल्या आणि मधे फट राहिली. पोरं मला फाटक्या म्हणू लागली. माझं दुःख तेवढंच होतं. आईचं मोठं होतं. नथनी अडकवायला जागाच उरली नव्हती. तिनं ती दोऱ्यानं कानाला बांधून नाकावर आणून ठेवली, तर मी शिंकलो की ती भाकरीत पडायची. सोनार म्हणाला, डावी नाकपुडी टोचतो. आई म्हणाली, नवस उजव्या बाजूचा हाय, सटवाईला डाव्या बाजूनं फसवता येत न्हाई. त्या दिवसांत मी नुसता खोकलो तरी ती देवीला नारळ बोलायची. नथनी नाही म्हणजे मी उघडा पडलो, मी मुलगा आहे हे आता कुणालाही कळेल, असं तिच्या मनानं घेतलं. ती माझ्याकडं बघत बसायची आणि भाकरी करपायची.

शेवटी त्याच सोनारानं सांगितलं की बीडच्या सरकारी दवाखान्यात हैदराबादहून एक तरणा डॉक्टर आलाय, तो फाटलेला कान शिवतो, नाकही शिवील. आईचा जीव भांड्यात पडला. नाक शिवायचं आणि लगेच तिथंच परत टोचून नथनी घालायची, असा तिचा बेत. माझा बेत वेगळा होता. नाक शिवलं की भोक जाणार, भोक गेलं की वेसण जाणार, आणि पुढच्या पोळ्याला सुतळी माझ्या हातात आणि बैल उत्तरेश्वर. हा बेत मी कुणाला सांगितला नाही. मी तेव्हापासून दलाल होतो.

दिवाळी झाल्यावर आमची गाडी बीडला निघाली. गाडीत माझे वडील तात्याबा, माझ्या दोन्ही आया आणि मी. वडिलांचा स्वभाव असा की घरात मोठा प्रश्न उभा राहिला की त्यांना बैलांना पाणी पाजायची आठवण यायची. साखराबाई आली, कारण मालकीण ती. तिला सोडून मला दवाखान्यात नेलं तर बिंग फुटायचं.

डॉक्टरांचं नाव सज्जाद अली. गोरे, बारीक मिशीचे, शेरवानी घातलेले. त्यांनी माझी हनुवटी धरून नाक उजेडाकडं वळवलं आणि त्यांचा चेहरा खुलला. माझं नाक बघून आनंद झालेला माणूस मी आयुष्यात तो एकच पाहिला. त्यांना मराठी फारशी कळायची नाही आणि बोलता तर यायचीच नाही, म्हणून कंपाउंडर राधाकिशन मधे उभा होता. तो आमच्याच मुलखातला. त्यानं समजावून सांगितलं की पोराला बेशुद्ध करायचं नाही. नाकाजवळ एक सुई द्यायची, म्हणजे तेवढीच जागा बधिर होते. पोर जागं राहील, बोलेल, ऐकेल, पण दुखणार नाही. मग फटीच्या दोन्ही कडा जराशा सोलून ताज्या करायच्या आणि एकीला एक जुळवून शिवायच्या. फक्त पोरानं हलायचं नाही. म्हणून त्याच्या आईनं त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसायचं, कारण एवढं लहान पोर आईच्याच हातात गप्प राहतं.

आईनं एवढंच विचारलं, की शिवल्यावर नथनी कधी घालायची. राधाकिशननं ते डॉक्टरांना सांगितलं. ते म्हणाले की मी जे भोक बुजवणार ते पुन्हा पाडायला मी शिवत नाही. इथं पुन्हा कधीही सुई लावायची नाही, कबूल असेल तर बोला. आईनं मान हलवली. आमच्या घरात मान हलवणं म्हणजे होकार नव्हे. सोनार नेकनूरला होताच.

मग डॉक्टरांनी सरळ प्रश्न विचारला. "बच्चा किसका है?"

आईनं साखराबाईकडं बोट दाखवलं. साखराबाई पुढं झाली. डॉक्टरांनी तिला विचारलं, वय काय, दिवाळीच्या आधीचा का नंतरचा, दूध पिताना कधी अडला होता का. तिला माझ्यापेक्षा उत्तरेश्वरचं जास्त आठवत होतं, तिनं त्याचंच सांगितलं. मग डॉक्टरांनी विचारलं, हा थोरला का धाकटा. ती म्हणाली, थोरला उत्तरेश्वर, हा त्याच्यापेक्षा चार महिन्यांनी धाकटा. डॉक्टरांनी हातातला चिमटा खाली ठेवला. चार महिन्यांत एका बाईला दोन पोरं कशी, हे त्यांनी राधाकिशनला विचारायला लावलं. साखराबाई गडबडली आणि तिनं खरं काय ते सांगून टाकलं. "म्या इकत घेतलाय सायब, सूपभर कोंड्याला."

विकत घेतलं हे शब्द डॉक्टरांना राधाकिशनशिवाय कळले. ते उभे राहिले. पोर विकणारी कोण, घेणारी कोण, आणि नाक फाडून ते भीक मागायला लावायचंय का, असं त्यांनी एका दमात विचारलं आणि अमीनाला बोलावून आणा म्हणाले. अमीन म्हणजे पोलिसांतला मोठा माणूस. माझ्या वडिलांना नेमकी त्याच वेळी बैलांची आठवण झाली आणि ते बाहेर गेले. मी मधल्या स्टुलावर बसून दोन्ही आयांकडं बघत होतो. मला सगळ्यात जास्त भीती ही वाटत होती की अमीन मला जप्त करील आणि मग माझा दुसऱ्यांदा सौदा होईल.

राधाकिशन मात्र हसायला लागला. त्यानं डॉक्टरांना बाजूला घेऊन उर्दूत सगळं सांगितलं. चार पाळणे, सूप, उकिरडा, नथनी, यम. डॉक्टर ऐकत गेले आणि त्यांचा राग उतरत गेला. परत आले ते आईसमोर उभे राहिले आणि हळू आवाजात विचारलं, "बच्चा तुम्हारा है ना?"

आईच्या ओठांवर आलं होतं. मी बघितलं. पण तिनं डावीकडं बघितलं, उजवीकडं बघितलं. दवाखान्यात खाटांवर माणसं कण्हत होती. यमाला बसायला इथं रोजचीच जागा, असं तिला वाटलं असणार. ती म्हणाली, "न्हाई सायब. साखरीचं हाय."

डॉक्टरांनी पुन्हा विचारलं नाही. ठीक आहे, मग जिचं पोर तिनं आत यायचं आणि बाकीच्यांनी बाहेर थांबायचं. आई बाहेर राहिली आणि साखराबाई माझं डोकं मांडीवर घेऊन टेबलावर बसली.

आता माझी बहादुरी सांगतो. निघताना मी उत्तरेश्वरला सांगितलं होतं की मी डोळ्यांतून पाणीसुद्धा काढणार नाही, बैल रडतो का? सुई यायच्या आधी कापूस आला. ओल्या कापसानं त्यांनी नाक पुसलं आणि मी तेवढ्यावरच किंचाळलो. डॉक्टर म्हणाले, अजून सुई बाकी आहे. मग सुई आली. ती मात्र खरी होती. मी साखराबाईच्या हाताला चावलो. तिनं मला एक चापट मारली, अगदी स्वतःच्या पोराला मारावी तशी, आणि मग थोड्या वेळानं दुखणं थांबलं.

थांबलं, आणि तिथंच घोटाळा झाला. डॉक्टरांनी टिचकी मारली असावी, मला टक् असं ऐकू आलं, पण कळलं काहीच नाही. मी नाक हलवून बघितलं. हललं नाही. हात लावायला गेलो तर राधाकिशननं दोन्ही हात धरून ठेवलेले. डोळे खाली करून बघितलं तर नेहमी दिसतो तो नाकाचा शेंडा कापडाखाली गेलेला. मग डॉक्टरांनी फटीच्या कडा सोलल्या आणि रक्तानं माखलेला कापसाचा एक बोळा शेजारच्या भांड्यात टाकला. तो बोळा नेमका नाकाएवढा होता. माझी खात्री झाली. ह्यांनी माझं नाक कापून भांड्यात ठेवलं होतं आणि मला न दुखवता कापलं होतं म्हणून कुणी काही बोलत नव्हतं.

पोळ्यापासून मी नाकाला वैतागलो होतो, पण गेल्यावर त्याची किंमत कळली. मी ओरडलो, "माजं नाक गेलं!" आणि मग पोर ओरडतं तेच ओरडलो. "आई! आई गं!"

साखराबाई वाकून म्हणाली, "हाय की बाळा, हितंच हाय मी."

मी म्हणालो, "तू न्हाई. माजी आई."

सगळे थांबले. एक टाका पडलेला होता आणि दुसऱ्या टाक्याची सुई डॉक्टरांच्या हातात होती. नऊ वर्षं सांभाळलेलं बिंग मी भर दवाखान्यात फोडलं होतं, ज्याच्यासाठी ते जपलं त्यानंच. दाराबाहेर आईच्या बांगड्या वाजल्या. ती उंबऱ्यात येऊन उभी राहिली. मला ती तिरकी दिसत होती. तिनं डावीकडं बघितलं. उजवीकडं बघितलं. छताकडं बघितलं, आणि तिथं नेहमीपेक्षा जास्त वेळ बघत राहिली. मला वाटलं आता ती पुन्हा साखरे, तुजं पोर, असं म्हणणार. मला फार रडायला आलं. तसं मी सकाळपासून रडतच होतो, पण हे वेगळं होतं.

ती आत आली. साखराबाईला म्हणाली, "सरक साखरे." माझं डोकं स्वतःच्या मांडीवर घेतलं, दोन्ही हात माझ्या गालांवर ठेवले आणि मान वर करून त्या छताला म्हणाली, "माजं हाय हे. माजं लेकरू हाय. ज्याला ऐकायचं त्यानं ऐकावं."

मी तिचं तोंड बघायला डोकं वर उचललं. त्याच क्षणी डॉक्टरांचा दुसरा टाका जात होता. सुई सरकली आणि एक कड दुसरीवर चढली. डॉक्टर ओरडले, "हिलो मत!" पण तोवर मी हललो होतो. पुढचे टाके त्यांनी नीट घातले, तरी तो एक टाका जिथं पडायचा तिथं पडला नाही. नंतर मी दगडासारखा पडून राहिलो. साखराबाई कोपऱ्यात डोळे पुसत होती. मधेच रडताना हसली आणि म्हणाली, "मग माजा कोंडा परत दे, भिवरे."

परत येताना आईनं गाडीत माझा हात धरला तो नेकनूर येईपर्यंत सोडला नाही. ती घाबरलेली होती, आणि मला त्या दिवशी पहिल्यांदाच कळलं की ती नऊ वर्षं रोज अशीच घाबरलेली होती. घरी आल्यावर तिनं पहिलं काम काय केलं, तर सूप घेतलं, कोंड्यानं भरलं आणि साखराबाईच्या कोंबड्यांपुढं ओतून आली. सौदा मोडला. उत्तरेश्वरला वाटलं मी आता त्याच्या घरी जेवायला येणार नाही, तर तसं काही झालं नाही. पिठल्याच्या दिवशी मी जातच राहिलो.

टाके काढायला गेलो तेव्हा डॉक्टरांनी माझं नाक पुन्हा उजेडाकडं वळवलं आणि ह्या वेळी त्यांचा चेहरा उतरला. ते म्हणाले, एक टाका चुकलाय, पण त्यात वाईट वाटून घेऊ नका, थोड्या दिवसांनी या, ती घडी उघडून मी सरळ करून देतो, मग कुणाला कळणारसुद्धा नाही. मी लगेच हो म्हणालो. सुईची भीती होती, पण उत्तरेश्वरसारख्या नाकाची हाव जास्त होती. आईनं मात्र हात जोडले. "ऱ्हाऊ द्या सायब. लई चांगलं नगं." डॉक्टर हसले आणि त्यांनी राधाकिशनकडं बघितलं. राधाकिशननं ह्या वेळी काही समजावून सांगितलं नाही, त्यांना कळलं होतं.

म्हणजे यमाला उघड सांगितलं ते सांगितलं, पण एवढी एक खोड माझ्या अंगावर शिल्लक ठेवून. पुढं मी दलाल झालो तो ह्याच बाईच्या पोटचा. नथनी मात्र तिनं पुन्हा बाहेर काढली नाही. सोनार एकदा घरी आला होता, त्याला तिनं चहा दिला आणि तसाच पाठवला. मला पडसं झालं की ती अजूनही नारळ बोलायची, पण आता मी पडलो की धावत यायची आणि सरळ उचलायची. पुढच्या पोळ्याला नाकाला भोक नाही म्हणून मी गाडीवान झालो आणि उत्तरेश्वर बैल झाला. तोरण तुटल्यावर मी सुतळी इतकी लवकर सोडली की बैल तोरणाखालून एकटाच गेला आणि मी मागं उभा राहिलो. पोरांनी मला पुन्हा कधी सुतळी दिली नाही.

निजाम गेला, राज्य बदललं, मी मोठा झालो, माझं लग्न झालं, मला पोरं झाली. ती सगळी सरळ नाकाची झाली आणि सगळी जगली. आई खूप जगली. यम आला तो शेवटी तिच्यासाठी आला, आणि तोवर मी पन्नाशीचा झालो होतो. दुपारची वेळ होती. मी तिच्या खाटेजवळ बसलो होतो. तिला दिसत नव्हतं, तिनं हातानं माझं तोंड चाचपलं. बोटं नाकावर आली, उजव्या नाकपुडीवरच्या घडीपाशी थांबली. तेव्हा तिला मीच आहे हे कळलं.

ती म्हणाली, "कुनाचा रं तू?"

मला गंमत वाटली. मी चांगला मोठ्यानं म्हणालो, "तुजा."

न दिसणाऱ्या डोळ्यांनी तिनं डावीकडं बघितलं. उजवीकडं बघितलं. मग माझ्या नाकावरचं बोट माझ्या ओठांवर आणून ठेवलं.

"हळू बोल," ती म्हणाली.

मग मी तिच्या कानाशी वाकून तेच पुन्हा हळू सांगितलं.